थारोळं, नाडा, सोंदूर : जुना कोश वाचायचा कसा आणि नवी नोंद करायची कशी

तळटीप (धागाकर्ता)

अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८चा, म्हणून १६ ऑक्टोबर हा शब्दकोश दिन. त्या दिवशी शब्दांची थोरवी गाणारे सुविचार फिरतात आणि १७ तारखेला कोश परत कपाटात. इथे त्याऐवजी कामाचं बोलू.

गुन्ह्याच्या बातमीत 'रक्ताच्या थारोळ्यात' हमखास येतं. थारोळं म्हणजे काय असं विचारलं तर उत्तर येतं, 'डबकं'. मोलस्वर्थचा किंवा दात्यांचा जुना कोश उघडा. मोटेचं (बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी उपसायच्या चामडी पिशवीचं) पाणी ज्यात ओततात ती विहिरीच्या तोंडाशी बांधलेली कुंडी म्हणजे थारोळं. मोटा गेल्या, इंजिनं आली, पंप आले. शब्द रक्ताला चिकटून वर्तमानपत्रात टिकला आणि पाण्याचा अर्थ फक्त कोशात उरला. तोही कुणीतरी वेळेवर टिपला म्हणून.

तर दोन गोष्टी हव्यात. जुने कोश नीट कसे वापरायचे, आणि आपल्या गावातले किंवा धंद्यातले शब्द टिपायचे तर नोंद कशी करायची. 'छान धागा' वगैरे प्रतिसाद नकोत, तपशील द्या.

सुरुवात म्हणून हाताशी ठेवायचे कोश सांगतो. मोलस्वर्थचा मराठी–इंग्रजी कोश : पहिली आवृत्ती १८३१, दुसरी वाढवलेली १८५७, सुमारे साठ हजार शब्द. वापरायची ती दुसरीच. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश : सात विभाग १९३२ ते १९३८, पुरवणी १९५०. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश (१९४६). ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र वाचणाऱ्यांनी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) घ्यावा. मोलस्वर्थ आणि दाते दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत फुकट शोधता येतात.

वेलांटी

शब्द 'कोशात नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा तो असतो, फक्त जुन्या कपड्यात असतो. आजचं लेखन १९६२च्या नियमांवर चालतं. मोलस्वर्थ आणि दाते दोन्ही त्याच्या आधीचे. म्हणून शोधताना हे बदल करून पाहा :

शेवटच्या ए-वर अनुस्वार द्या. केळे नाही, केळें. थारोळे नाही, थारोळें. क्रियापदं सगळी णें-नं संपतात : करणें, बसणें, ओतणें.

मधले न उच्चारले जाणारे अनुस्वार परत आणा. नाव (नाम या अर्थी) हवं तर नांव, गाव हवा तर गांव, पाच हवे तर पांच. 'काही' शोधाल तर हात हलवत परत याल, 'कांहीं' टंका.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचा शेवटचा इकार-उकार ऱ्हस्व करा. कवी नव्हे, कवि. गुरू नव्हे, गुरु.

एवढं करूनही मिळालं नाही तर शब्द स्वतंत्र नोंद नसून पोटात असू शकतो. दात्यांच्या कोशात सामासिक शब्द मुख्य शब्दाच्या परिच्छेदातच गोल खूण करून येतात. नुसते ठळक शब्द चाळणाऱ्याला ते दिसत नाहीत. शिकागोच्या पानावर फक्त मुख्य शब्दांत शोधायचं की संपूर्ण नोंदीत, असा पर्याय असतो. संपूर्ण नोंदीचा पर्याय घ्या. उलटा शोधही त्यानं जमतो : मोलस्वर्थच्या मजकुरात 'बकेट' किंवा 'वेल' हे इंग्रजी शब्द इंग्रजीत टंकून शोधलेत तर पाण्याशी निगडित मराठी शब्दांची रांगच लागते. इंग्रजी–मराठी कोशापेक्षा हा रस्ता जास्त देतो.

खडूफळा

वेलांटी, एक भर. परदेशातल्या मराठी शाळांमधली मुलं अडतात ती याच्याही आधी. पुस्तकात 'विहिरीत' आहे, कोशात 'विहीर' आहे, आणि मधली उडी कुणी शिकवलेली नसते.

मुलांना हा क्रम द्यावा. आधी प्रत्यय काढा : त, ला, ने, चा, हून. जे उरतं ते सामान्यरूप, मूळ शब्द नव्हे. 'थारोळ्या-' उरलं तर शेवटी ए (थारोळे) आणि आ (थारोळा) दोन्ही लावून पाहा. 'पाण्या-' उरलं तर पाणी. 'विहिरी-', 'उसा-' यांत मधला स्वर ऱ्हस्व झालेला असतो, तो दीर्घ करा : विहीर, ऊस.

क्रियापदांत अनियमित असलेली मूठभरच आहेत, ती पाठच करून घ्यावीत : गेला–जाणे, आला–येणे, केला–करणे, प्याला–पिणे, भ्याला–भिणे, म्हटले–म्हणणे. हे न शिकवता 'कोश पाहा' म्हणणं म्हणजे किल्ली न देता कुलूप दाखवणं.

मोटवण

धागाकर्त्यांनी मोटेचं उदाहरण घेतलंय तर तेच पुढे नेतो. नोंदी कुठे बिघडतात ते यात नेमकं दिसतं.

मोटेला दोन दोर असतात. नाडा आणि सोंदूर. हौशी संग्रहांत दोन्हींपुढे 'मोटेचा दोर' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे दोन्ही नोंदी वाया. नाडा जाड. तो मोटेच्या तोंडाला बांधलेला, वरच्या चाकावरून जाणारा, सगळं वजन ओढणारा. सोंदूर बारीक. तो सोंडेच्या (मोटेच्या खालच्या चामडी नळीच्या) टोकाला बांधलेला आणि खालच्या लाकडी रुळावरून जाणारा. मोट विहिरीत असताना सोंदूर सोंडेचं टोक दुमडून मोटेच्या तोंडाइतकं वर धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. बैल धावेवरून (विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून) उतरतात, मोट चाकापर्यंत चढते, पण सोंड रुळापाशीच अडून थारोळ्याकडे ओढली जाते. टोक मोटेच्या खाली येतं आणि पाणी भसकन थारोळ्यात. तिथून पाटात, पाटातून दांडात, दांडातून वाफ्यात.

अर्थ लिहिताना हे तीन प्रश्न विचारा : कुठे बांधलेला, कशावरून जातो, तो नसेल तर काय अडेल? सोंदूर नसेल तर मोट वर येईपर्यंत रिकामी होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की व्याख्या आपोआप सुटी होते.

आणि हो, त्या खालच्या रुळाची नावं भागाभागांत वेगळी ऐकू येतात. ज्याची नावं बदलतात तेच आधी टिपा. 'बैल' सगळीकडे बैलच आहे, त्याची घाई नाही.

तळटीप

वा, हेच हवं होतं. आता प्रत्यक्ष चिठ्ठी कशी भरायची ते सांगा.

मोटवण

साधारण पाच इंच बाय तीन इंचाचं कार्ड, एका कार्डावर एकच शब्द. पाठीवर लिहायचं नाही, गठ्ठ्यात पाठ दिसत नाही. नमुना :

शब्द : थारोळं (प्रमाण रूप : थारोळे)
व्याकरण : न. ; अनेकवचन थारोळी ; सामान्यरूप थारोळ्या-
क्षेत्र : शेती, मोट
अर्थ : मोटेचे पाणी ओतले जाऊन पाटाकडे वळावे म्हणून विहिरीच्या काठावर बांधलेली उथळ कुंडी.
वाक्य : बोलणाऱ्याच्या तोंडचं, जसंच्या तसं.
लाक्षणिक : रक्ताचं थारोळं.
कुठे ऐकला : गाव, तालुका. बोलणाऱ्याचं वय आणि व्यवसाय. नाव नको, क्रमांक द्या.
ध्वनिफीत : फाइलचा क्रमांक, मिनिट, सेकंद.
तारीख, टिपणाऱ्याची खूण.

वाक्य नसलेली चिठ्ठी स्वीकारू नका. वाक्य आपण रचायचं नाही. आपण रचलेलं वाक्य आपला समज सिद्ध करतं, शब्दाचा अर्थ नाही.

शब्द विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. 'याला तुमच्यात काय म्हणतात?' विचारलं की माणूस शहरी पाहुण्याला कळेल असा शब्द देतो. 'मोट जुंपण्यापासून वाफा भरेपर्यंत काय काय करायचं ते सांगा' म्हणा, आणि गप्प बसा. शब्द वाक्यात गुंफलेले येतात, लिंगवचनासकट. एक शब्द निदान तीन तोंडी आणि दोन गावांत मिळेपर्यंत चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह ठेवा.

वेलांटी

व्याकरणाच्या ओळीवर जरा थांबते, कारण तिथे सगळ्यात जास्त आळस होतो. 'स्त्री.' एवढं लिहून भागत नाही. वाट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. पण वाटा–वाटेवर आणि भिंती–भिंतीवर. शब्दाकडे बघून हे सांगता येत नाही. त्यामुळे अनेकवचन आणि सामान्यरूप दोन्ही टिपायचीच.

लिंग थेट विचारू नका. 'मोठा, मोठी, मोठं' यांतलं काय लागतं ते वाक्यातून काढा. कधी लिंगाबरोबर अर्थ बदलतो : 'जेवायची वेळ झाली', पण 'फार वेळ गेला'. पहिली ठरलेली घटका, दुसरा कालावधी. अशा वेळी एकाच नोंदीत 'पु., स्त्री.' लिहून मोकळं होऊ नये, दोन अर्थ दोन लिंगांखाली वेगळे मांडावेत. याउलट ढेकर किंवा बाग कुठे पुल्लिंगी, कुठे स्त्रीलिंगी ऐकू येतात आणि अर्थ तोच राहतो. तिथे दोन्ही लिंगं द्या आणि कोणतं कुठे ऐकलं ते लिहा.

उच्चारासाठी वेगळी ओळ हवी, ती नमुन्यात राहिली. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यातला ज वेगळे. चार आणि चारा यांतला च वेगळा. दंत्य उच्चाराला ('जरा थांब', 'चारा' यांतल्या) खाली नुक्ता, म्हणजे टिंब द्यायचा असं ठरवा आणि पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायमोडका

नुक्ता द्या, पण उच्चाराच्या रकान्यातच. मूळ शब्दात नुक्ता घातला की शोध बोंबलतो. वापरणारा साधा 'चारा' टंकतो आणि नोंद हाती लागत नाही.

संगणकावर नोंदी करणाऱ्यांसाठी आणखी सापळे. हे डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून जास्त छळतात.

'दऱ्या' दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात खास ऱ हे अक्षर असतं (दऱ्या), दुसऱ्यात साधा र, पायमोड (हलन्ताची खूण) आणि एक अदृश्य जोडवर्ण (दर्‍या). पडद्यावर सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. सुऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा सगळ्यांचं तेच. अॅ आणि ॲ यांचंही तेच : पहिल्यात अ वर चंद्र बसवलेला, दुसरं एकच अक्षर. काम सुरू करतानाच एक तऱ्हा ठरवा आणि महिन्यातून एकदा शोधा-बदला चालवून सगळ्या नोंदी त्या तऱ्हेवर आणा. नाहीतर एकच शब्द दोनदा नोंदला जातो आणि छपाईच्या वेळी कळतं.

दुसरं, अकारविल्हे म्हणजे वर्णक्रम. संगणकाच्या वर्णसंचात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय, आपल्याकडे तो ह नंतर येतो. सरळ क्रम लावला तर 'काल, काळ, काव, काहिली' असं येतं. हवं ते 'काल, काव, काहिली, काळ'. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये क्रम लावताना पर्यायांत भाषा मराठी निवडता येते. लावून झाल्यावर हेच चार शब्द टाकून तपासा. क्ष आणि ज्ञ यांना क आणि ज खाली ठेवायचं की शेवटी, अनुस्वार आधी की त्या-त्या अनुनासिकाच्या जागी, हे कोशागणिक बदलतं. काहीही निवडा, पण प्रस्तावनेत लिहा. वाचकाला शब्द न सापडणं हा कोशाचा सगळ्यात मोठा गुन्हा.

ध्वनिमुद्रण : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला सुमारे पाच एमबी, तासाला तीनशेच्या वर. फोन तोंडापासून वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा. 'आवाज स्वच्छ करा' हा पर्याय बंद ठेवा, तो शब्दांची शेवटची व्यंजनं खातो. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. व्हॉइस नोट केलीत तर ती दाबून लहान होते. एका तासाचं मुद्रण उतरवायला पाच-सहा तास धरून चाला. त्यामुळे वीस तास मुद्रण करून ठेवू नका, दोन तास करा आणि उतरवा.

जुनीपाटी

एका चिठ्ठीवर एकच शब्द, आणि चिठ्ठी कशाची आहे तेही स्पष्ट लिहा. याचं सुप्रसिद्ध उदाहरण वेब्स्टरच्याच नावाच्या कोशातलं आहे. १९३४च्या दुसऱ्या आवृत्तीत 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ 'घनता'. असा शब्दच नव्हता. 'डी किंवा डी' (मोठा किंवा लहान) हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे, असं सांगणारी चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. 'किंवा'साठीचा इंग्रजी शब्द 'ऑर' दोन डींच्या मधे चिकटला आणि शब्द जन्माला आला. १९३९ साली एका संपादकाला या नोंदीत व्युत्पत्ती नाही हे खटकलं, तेव्हा उलगडा झाला. संक्षेप, म्हणी आणि शब्द यांच्या चिठ्ठ्यांना वेगवेगळे रंग द्या, एवढाच त्यावर उपाय.

चिठ्ठ्या किती होतात याचाही अंदाज हवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ आणि जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या. छपाई १९७६ला सुरू झाली आणि अजून 'अ' संपायचा आहे. त्यांचा पट प्रचंड आहे, घाई त्यांना परवडत नाही. आपण मात्र पट आधी आखून घ्यावा. 'आमच्या तालुक्याची बोली' हा विषय संपत नाही. 'आमच्या तालुक्यातले मोट आणि पाटपाण्याचे शब्द' हा तीन-चारशे नोंदींत हातात येतो.

सह्यकडा

पाट शब्दावरून प्रश्न. बसायचा पाट, पाण्याचा पाट आणि पाट लावणे (पुनर्विवाह) मधला पाट. एक नोंद की तीन?

वेलांटी

तीन. अर्थांत आज बोलणाऱ्याला धागा दिसत नसेल तर नोंदी वेगळ्या करायच्या आणि पाट१, पाट२, पाट३ असे आकडे द्यायचे. पाटकरी, पाटस्थळ हे पाण्याच्या पाटाखालीच जातील.

'मोट'वर मात्र वाद होऊ शकतो. 'आघाडीची मोट बांधली' मधली मोट गाठोड्याची आहे. चामड्याची पाणी उपसायची मोट त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मानायची की वेगळा शब्द, यावर भांडायला वाव आहे.

मोटवण

माझं मत : वेगळ्या नोंदी. मोट हाकणाऱ्याला गाठोड्याची मोट सांगितली तर तो दोन्हींची सांगड घालत नाही.

जुनीपाटी

असहमत. तोंडाशी आवळून बांधलेलं चामडं हे गाठोडंच की. पण बोलीकोशात तुमचा निकष चालेल, फक्त एका नोंदीत दुसरीकडे बोट दाखवा.

वाक्प्रचारांसाठीही तसंच. 'दारं धरणे' म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवणे. हे 'धरणे' खाली टाकलंत तर कुणाला सापडणार नाही. पहिल्या नामाखाली, म्हणजे 'दारं'खाली पूर्ण नोंद करा आणि 'धरणे'खाली नुसतं 'दारं पाहा'. दाराचा नेहमीचा अर्थ घेऊन 'दरवाजा अडवणे' असा अर्थ लिहिलेला संग्रह छापायला निघाला तर तो थांबवायला कोणीतरी शेतकरी वाचक लागतो. म्हणून छापण्याआधी पूर्ण गठ्ठा त्या धंद्यातल्या माणसाला वाचून दाखवायचा. वाचायला द्यायचा नाही, वाचून दाखवायचा. चुकीच्या अर्थाला माणूस ऐकताना लगेच हसतो.

कोकणकडा

व्युत्पत्तीचा मोह आवरा, हे कुणीतरी सांगायलाच हवं. चावी, घमेलं, हापूस पोर्तुगीजातून आले हे पक्कं आहे. गोव्याकडच्या शब्दांसाठी दालगादोचा कोंकणी–पोर्तुगीज कोश (१८९३) पाहता येतो. पण आवाज जुळला म्हणून गावठी शब्दाला संस्कृत धातू चिकटवणं ही लोकव्युत्पत्ती झाली. मोलस्वर्थमध्ये कंसात एस असेल तर संस्कृत, पी असेल तर फारसी, ए असेल तर अरबी, एच असेल तर हिंदुस्तानी. ही खूणसुद्धा शेवटचा शब्द मानू नका. कुलकर्णी आणि टर्नरचा हिंद-आर्य भाषांचा तौलनिक कोश (हाही शिकागोच्या पानावर आहे) दोन्ही पाहा. दोन्हीकडे नसेल तर जागा कोरी ठेवा. कोऱ्या जागेनं कोणाची दिशाभूल होत नाही.

सह्यकडा

जातिवाचक शिव्या, हिणकस म्हणी यांचं काय? गाळाव्यात?

जुनीपाटी

गाळू नयेत, उघड्याही सोडू नयेत. 'हीनतादर्शक' अशी खूण अर्थाच्या आधी हवी, नंतर नाही. अर्थ तटस्थ शब्दांत. उदाहरणाचं वाक्य या एकाच प्रकारात गाळलं तरी चालेल. मोलस्वर्थमध्ये अशा नोंदी भरपूर आहेत आणि त्या काळच्या समजुतींसकट आहेत. तिथून अर्थ उचलताना त्या समजुती उतरवून घेऊ नका.

पायमोडका

एक राहिलं. चिठ्ठीचा क्रमांक आणि ध्वनिफितीच्या फाइलचं नाव एकच ठेवा, आणि फाइलच्या नावात देवनागरी नको, आकडेच ठेवा : वर्ष, महिना, दिवस, मग बोलणाऱ्याचा क्रमांक. देवनागरी नावं झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडली की कधी कधी चौकोन होतात, आणि मग कोणता आवाज कोणत्या शब्दाचा हे तीनशे फायली ऐकून शोधावं लागतं.

तळटीप

मोटवण, तुमच्या नमुना चिठ्ठीत वेलांटींची उच्चाराची ओळ घातली आणि नाडा, सोंदूर, धाव, सोंड, पाट, दांड यांच्या कोऱ्या चिठ्ठ्या करून पुढच्या प्रतिसादात चिकटवतोय. त्या खालच्या रुळाला तुमच्या भागात काय म्हणतात ते लिहा. गाव आणि तालुका हवा, आणि वाक्य हवंच.